हिरवा पट्टा

पट्टा लाल झाला तशा डॉ. सुनेत्रा तांडेल चपापल्या. मेंदूभोवतीचं पाणी नीट वाहतंय का, हे दाखवणारा हा पट्टा त्यांनीच बनवला होता. गेली दोन वर्षं तो कपाळावर हिरवा झाल्याशिवाय कुणाला कबड्डीच्या मैदानात उतरता येत नव्हतं. पण आत्ता तो गुण लिहिणाऱ्या रेवतीबाईंनी गंमत म्हणून बांधला होता.

“कधी डोक्यावर आपटलात का?”

“छे हो डॉक्टर! मी कधी खेळलेच नाही.”

सुनेत्रांनी त्यांना दुसरा पट्टा बांधून पाहिला. लाल. पाणी वाटणाऱ्या काकांनाही बांधला. तोही लाल.

 निरोगी मेंदू कसा असतो हे पट्ट्याला शिकवायला त्यांनी आपल्याच गावच्या संघातल्या चाळीस धडधाकट पोरांचे स्कॅन वापरले होते. लहानपणापासून डोक्यावर आपटत आलेल्या पोरांचे. पट्ट्याने त्या दुखावलेल्या मेंदूंनाच निरोगी मानलं होतं.

शिट्टी वाजली. त्यांचा धाकटा भाऊ निनाद मांडीवर थाप मारून चढाईला निघाला.

“निनाद, थांब! खेळू नकोस!”

“अगं ताई, हिरवा आलाय माझा!” तो हसत ओरडला आणि दम धरून पलीकडे शिरला.