गावाच्या नावाची कोरी जागा

१९४९ साल होतं, आणि दिगंबरपंत आयुष्यात पहिल्यांदाच मुद्दाम वाईट अर्ज सांगत होते. कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

अडचण त्यांनी स्वतःच ओढवून घेतली होती. मुलगी लीला मॅट्रिक झाली आणि कॉलेजचा हट्ट धरून बसली. तिला परगावी पाठवायचं नव्हतं, तोंडावर नाही म्हणणंही जमेना. म्हणून ते चारचौघांत म्हणाले, "बुऱ्हाणपुरात कॉलेज येऊ दे. पहिलं नाव तुझं." मग निर्धास्तपणे चांदनी स्टेशनातल्या तारबाबूचं स्थळही पाहून ठेवलं.

वर्षाच्या आत नागपूरच्या विधानसभेत विद्यापीठाची शाखा काढण्याचा कायदा आला. मसुद्यात गावाच्या नावाची जागा कोरी होती. ज्या गावांना शाखा हवी, त्यांनी अर्ज करायचे होते.

जसोंडीचे केळीवाले गिरधर पाटील चार माणसं घेऊन बुधवाऱ्यात पंतांच्या घरी आले. "पंत, आपल्या गोटूला बी.ए. करायचंय. तुमच्या अर्जानं तहसीलदार हलतो, मग नागपूर काय चीज आहे?"

नाही कसं म्हणणार? पंतांनी लीलाला समोर बसवलं. पक्की प्रत नेहमी तीच करायची. आत पंतांच्या पत्नी शारदाबाई भाकरी थापत होत्या.

"लिही. बुऱ्हाणपूर बऱ्यापैकी गाव आहे. हवा ठीक आहे. केळी होतात. सरकारास वाटल्यास विचार व्हावा."

"पुढे काय लिहू, अण्णा?"

"पुढे काही नाही."

वाचल्याशिवाय सही करू नका, असं पंत प्रत्येक पक्षकाराला बजावत. पण दुसऱ्या दिवशी पक्की प्रत समोर आली, तेव्हा आपला असला अर्ज पुन्हा बघायची त्यांना लाज वाटली. तोंड फिरवून त्यांनी सही केली.

दोन महिन्यांनी कायदा पास झाला. कोऱ्या जागेत बुऱ्हाणपूर होतं. गिरधर पाटील हार आणि वर्तमानपत्र घेऊनच आले. अर्ज भर सभागृहात वाचला गेला होता, आणि सभासद हसून बेजार झाले होते. पाटलांनी छापलेलं वाक्य मोठ्यानं वाचलं :

"बुऱ्हाणपुरात कॉलेज नसल्यामुळे मुलींच्या बापांची फार सोय झाली आहे. ही सोय सरकारने ताबडतोब बंद करावी."

"काय लिवलं, पंत! कसं सुचतं हो तुम्हाला?"

हार गळ्यात पडला होता. लीला दारात उभी होती. पंतांनी तिच्याकडे पाहिलं, मग लोकांकडे.

"सुचलं," ते म्हणाले.

शाखा कापसाच्या जिनिंगच्या एका रिकाम्या गोदामात सुरू झाली. पहिलं नाव लीलाचं लागलं. गोटू इंटरला तीनदा बसला आणि मग केळीच्या धंद्यात बापाच्याही पुढे गेला. तारबाबूनं भुसावळची मुलगी केली, सुखात असावा. पंत मात्र ते वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणून दाखवू लागले. हळूहळू त्यांना ते आपलंच वाटायला लागलं.

सात वर्षांनी लीला त्याच शाखेत मराठी शिकवायला लागली. त्या दिवशी पेढे घ्यायला आलेल्यांसमोर पंतांनी पुन्हा ते वाक्य म्हटलं. शारदाबाईंना अक्षरओळख नव्हती, सहीच्या जागी त्या अंगठा उठवत. त्या आतूनच म्हणाल्या,

"मी सांगितलं त्यात 'ताबडतोब' नव्हतं. ते पोरीनं घातलं."