पालबंदी

तीन मतं बंदीच्या बाजूनं पडली, दोन विरोधात. आता फक्त दादा उरला होता.

ताईनं कानावरचा हेडफोन दाबून धरला. दादाचा आवाज त्यातूनच येणार होता, तरी तिचं सगळं लक्ष भिंतीकडे लागलं होतं. भिंतीपलीकडच्या खोलीत तो बसला होता.

ती त्याची धाकटी बहीण, पण खेळात सगळे तिला ताईच म्हणत. संगणकावरचा हा बंदुकांचा खेळ कंपनीनं कधीच वाऱ्यावर सोडला होता. खेळणाऱ्यांनी मात्र सोडला नव्हता. दर रविवारी दुपारी गावोगावची माणसं आपापल्या घरून जमत, संघ पाडत, आणि कुठलं शस्त्र चालेल, कुठलं नाही, हे आपसात ठरवत. सहा संघ, सहा कप्तान, प्रत्येकाचं एक मत. समसमान झालं तर निकाल ताईचा. ती औषधांच्या दुकानात काम करायची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणून दादा स्वतः कप्तान असूनही पंचाचं काम सगळ्यांनी तिच्याच गळ्यात घातलं होतं.

आजचा वाद पालीचा होता. या बंदुकीतून सुटलेला बॉम्ब भिंतीला जाऊन चिकटायचा आणि जवळून कोणी गेलं की फुटायचा. नेम धरायची गरजच नाही. पाल हे नाव खेळाडूंनीच पाडलेलं.

पहिली तक्रार वायरमननं केली होती. तोही एक कप्तान. दाराआड पाली चिकटवून जो तो बसून राहतो, पुढे यायला कोणी तयार नाही, सामना म्हणजे दवाखान्याबाहेरची रांग झालीय, असं त्याचं म्हणणं. आधी आठ संघ होते, त्यातले दोन कंटाळून निघूनही गेले होते. त्यात खोटं काहीच नव्हतं. मग त्यानं मोर्चा दादाकडे वळवला. दादा कवळ्या बनवायचा, म्हणून खेळात त्याचं नाव कवळी. एके काळी लांब पल्ल्याच्या रायफलीनं भल्याभल्यांची झोप उडवणारा माणूस आता पाली चिकटवत बसतो. जिंकायची चटक लागली की माणूस नेम विसरतो, असं वायरमन म्हणाला. सगळे हसले. दादाही हसला.

ताईला हसू आलं नाही. वर्षभरापूर्वी दादाच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. आधी अगदी बारीक, मग डोळ्यांत भरेल असा. मेणात एकेक दात बसवायचं नाजूक काम त्यानं जोडीदाराकडे सोपवलं. बटणांचे शर्ट कपाटात गेले. औषध चालू होतं, पण हे वाढतच जाणार, हेही डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. रविवारची दुपार तेवढी त्याची उरली होती, तीही पालीच्या जिवावर. याची कुठे वाच्यता करायची नाही, असं त्यानं ताईकडून वचन घेतलं होतं. समोरचा कीव करून खेळायला लागला की त्या खेळात राम नाही, असं तो म्हणायचा.

त्यानं विरोधात मत दिलं की तीन-तीन. मग जे काही बोलायचं ते ताईला बोलावं लागणार होतं.

“बोल रे कवळी,” वायरमन म्हणाला.

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली.

“बंद करा,” दादा म्हणाला. “पालीपायी खेळ मरतोय.”

एकदम कालवा झाला. ताईनं निकाल सांगितला, सामन्याआधी थोडी विश्रांती जाहीर केली आणि उठून दादाच्या खोलीत गेली.

तो डाव्या हातानं उजवा हात मांडीवर दाबून बसला होता, हट्टी पोराला धरून ठेवावं तसा.

“का केलंस असं?” तिनं विचारलं.

“तुझ्यावर आलं असतं, तर काय निकाल दिला असतास?”

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण दादाशी खोटं बोलणं तिला लहानपणापासून कधी जमलं नव्हतं.

“बंदीच,” ती म्हणाली.

“माहीत होतं मला. म्हणून तर तुझ्यावर येऊ दिलं नाही.”

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कंप तिथपर्यंत पोचला होता. तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, की जा आता, पंचानंच उशीर केलेला बरा दिसत नाही.

सामना सुरू झाला आणि दादानं रायफल उचलली. कवळीनं पुन्हा रायफल घेतली, ही बातमी क्षणात सगळीकडे झाली. त्याच्या संघानं जल्लोष केला. समोरच्या संघातूनही कोणीतरी शिट्टी मारली. जुना नेमबाज परत आला म्हणून सगळ्यांना मनापासून आनंद झाला होता.

वायरमन सुरुवातीलाच गारद झाला. बाद झालेले खेळाडू पंचाबरोबर उरलेला सामना बघत, तसा तोही आला आणि ताईच्या हेडफोनमध्ये बोलू लागला. ताईच्या पडद्यावर दादाला दिसत होतं तेच दिसत होतं. समोर मोकळ्या चौकात एक गडी बंदुकीत गोळ्या भरत उभा होता, ना आडोसा, ना सावधगिरी. रायफलीच्या दुर्बिणीतली फुली त्याच्या कपाळावर आली. मग खांद्यावर घसरली, मागच्या भिंतीवर गेली, परत कपाळाशी आली, परत गेली.

ताईनं भिंतीकडे पाहिलं.

“बघा ताई,” वायरमन कौतुकानं, अगदी हळू आवाजात म्हणाला, “कसा खेळवतोय त्याला.”