पुतळ्याची पसंती

“हे आमचे नाना नाहीत,” म्हणत कुमुदताईंनी मातीच्या पुतळ्यावरचं ओलं फडकं परत खाली सोडलं.

दुष्काळात अख्खा तालुका जगवणाऱ्या तहसीलदार टेंबेसाहेबांचा पुतळा कचेरीच्या आवारात बसणार होता. ओतकामाला देण्याआधी घरच्यांची पसंती घ्यायची, म्हणून शिल्पकार पाचंगेंनी साहेबांच्या मुलीला कार्यशाळेत बोलावलं होतं.

“नाक चुकलंय का, ताई?”

“नाक त्यांचंच आहे. पण नाना कधी हसायचे नाहीत. घरी आले की कोट खुंटीला लावायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. आम्ही भावंडं कुजबुजत जेवायचो. ते हसू तेवढं काढून टाका, मग सही देते.”

गावोगावच्या लोकांनी आणून दिलेले जुने फोटो पाचंगेंनी टेबलावर मांडले. खडी फोडणाऱ्या बायकांबरोबर भाकरी खाताना नाना हसत होते. पाण्याच्या टँकरवर चढून हसत होते. एका फोटोत तर कुणाचं तरी शेंबडं पोर खांद्यावर घेऊन, डोळे मिटेपर्यंत हसत होते.

तो फोटो कुमुदताई बराच वेळ हातात धरून बसल्या.

“सगळं हसू बाहेरच संपवून यायचे होय,” त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी स्वतःच फडकं बाजूला केलं आणि गालाला हात लावला. बोटांना ओली माती लागली.

“राहू द्या असेच. समोर एक बाक मात्र टाकायला सांगा. येऊन बसत जाईन मी.”