मे महिन्यातला पदर

मुलासाठी मुलगी येणार म्हणून हेमांगीताईंनी हौसेनं केस तांबूस रंगवले आणि टोपी न घालताच पोहायला गेल्या. तलावातल्या क्लोरीननं केस हिरवे झाले, आणि संध्याकाळी पाहुणे दारात!

भर मे महिन्यात त्या डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. समोर मुलगी, राजसी, ओढणी गच्च लपेटून घामाघूम झालेली.

"किती सोज्वळ!" म्हणत ताईंच्या यजमानांनी पंखा मोठा केला. ओढणी उडाली. राजसीच्या डोक्यावर नुसता काथ्या झाला होता.

"खोट्या केसांची एक्स्टेन्शन लावलीत," ती रडवेली झाली. "स्कार्फ न बांधता उन्हावाऱ्यात स्कूटर चालवली."

ताईंनी सावकाश पदर खाली घेतला. "हे बघ माझं शेवाळ!"

दोघी पोट धरून हसल्या. ताईंनी लेकाला खोबरेल आणायला पिटाळलं. "पत्रिका मग बघू. आधी हिचा गुंता!"