चंदाबाईचा घुंगट

इंजेक्शनची सुई चंदाबाईच्या जबड्यात मोडली, तेव्हा उकंडराव दातवाल्याच्या बोटांना नुसता एक हलका झटका बसला. पिचकारी मोकळीच बाहेर आली. पिचकारीच्या टोकाशी सुईचं पितळी बूड तेवढं उरलं होतं.

आता सुईचा तरी काय दोष? लढाईचे दिवस. मुंबईहून वाशीमला नव्या सुया येणं बंद झालेलं. उरलेली हीच एक सुई उकंडराव रोज उकळायचा, बोथट झाली की दगडावर घासायचा आणि खालच्या जबड्याची नस गाठता यावी म्हणून बुडाशी वाकवायचा. वाकवायचा, सरळ करायचा, पुन्हा वाकवायचा. जिथं तुटायची तिथंच ती तुटली.

पण अजून सगळं गेलं नव्हतं. दाढेमागच्या मांसात जवाच्या दाण्याएवढं टोक चमकत होतं.

"माय, आ तसाच ठेव," तो होईल तितक्या सहज म्हणाला. "आभाय कोसळलं तरी तोंड मिटू नोको."

तिचा नवरा फुलसिंग खिडकीतला उजेड हातातल्या आरशानं तिच्या तोंडात पाडत उभा होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. उकंडरावानं चिमटा उचलला. टोक एकदा आत सरकलं की ते गळ्याकडं जाईल की आणखी कुठं, हे देवालाच ठाऊक. बाईच्या जिवाची गाठ त्या दाण्याएवढ्या टोकाशी होती. चिमटा त्याला टेकणार, एवढ्यात चंदाबाईची नजर दाराकडं गेली. तिनं पटकन तोंड मिटलं आणि काचा जडवलेला घुंगट पार हनुवटीखाली ओढून घेतला.

उकंडराव तिच्यावर खेकसला. घुंगटाआडून बधिर ओठांचे बोबडे शब्द आले. सासरे आले म्हणे.

दोघांनी वळून पाहिलं. दाराला आतून कडी होती.

फुलसिंगनं हातातला आरसा दाराकडं फिरवला. उजेडाचा ठिपका भिंतभर पळत सुटला. त्याचा बाप हेमसिंग मागल्या शिमग्यालाच गेला होता. याच खुर्चीत त्यानं दाढ काढून घेतली, पोहरादेवीजवळच्या आपल्या तांड्यावर चालत गेला आणि पुढं अशी दातखीळ बसली, की मरेस्तोवर जबडा काही उघडला नाही. उकंडरावानं तेव्हा धनुर्वात सांगितला होता. तांड्यानं तो मानलाही होता.

उकंडरावानं बाईला धाक घातला. फुलसिंगनं हात जोडले, आईची शपथ घातली. घुंगट हलेना. सासऱ्यादेखत सुनेनं आ वासायचा, एवढी बेअदबी ती जीव गेला तरी करणार नव्हती. आणि जीव तर खरोखरच जाऊ पाहत होता.

"डॉक्टरसायेब, तुमीच सांगा बापूले बाहेर जायाले," फुलसिंग म्हणाला. "माह्यानं नाही बोलवत."

उकंडराव म्हणजे भर बाजारात भुताखेतांची टवाळी करणारा गडी. पण चिमटा खाली ठेवून त्यानं कडी लावलेल्या दाराकडं तोंड केलं आणि चक्क हात जोडले.

"हेमसिंगबुवा, जरासे बाहेर बसा. सुनेच्या जिवाचं काम हाये."

घुंगटावरची एकही काच हलली नाही. चंदाबाई मान तिरकी करून, थोरामोठ्यांचं ऐकावं तशी, ऐकत राहिली. मग बोलली. आता तिचा शब्द न् शब्द स्पष्ट होता, जणू ओठ कधी बधिर झालेच नव्हते.

"ते नाही जात. म्हणून राह्यले, नंबर माहा पयला हाये. माह्या जबड्यात मोडली ते सुई काढ, मंग सुनेची."