आधी व्हॉल्व्ह

काटा पुन्हा उतरला.

काचेच्या पेटीत फुप्फुसांची जोडी छान गुलाबी दिसत होती. मशीन हवा भरत होतं. ती फुगत होती, बसत होती. ज्याची होती तो माणूस सकाळीच गेला होता आणि ही अजून श्वास घेत होती. पण हवा कोंडून धरली की मिनिटभरात दाबाचा काटा दोन रेघा खाली यायचा. म्हणजे कुठेतरी गळत होतं.

"बाद करायची का, मॅडम?" मशीन सांभाळणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी विचारलं. भिंतीवरच्या फळ्यावर 'बाद : १९' असं लिहिलेलं होतं. वीस करायला त्यांनी पेन उघडूनच ठेवलं होतं.

सर्जनबाईंनी पुन्हा एकदा काट्याकडे पाहिलं. नियम त्यांचाच होता. फुप्फुसं पेटीत जिवंत ठेवायची, पारखायची आणि मगच रुग्णाच्या छातीत बसवायची, ही पद्धत त्यांनी वीस वर्षं खपून उभी केली होती. 'काटा उतरला की जोडी बाद' हे वाक्य परीक्षेत त्यांच्या नावानिशी विचारलं जायचं. या मशीनवर सहा वर्षांत एकोणीस जोड्या अशा बाद झाल्या. ज्यांच्यासाठी त्या आल्या होत्या, त्यांतल्या काहींना पुढे दुसरी मिळाली. काहींना नाहीच मिळाली.

आज वरच्या मजल्यावर पीटीचे मास्तर होते. दोन वर्षांत त्यांनी शिट्टी फुंकली नव्हती. आता तर नाकात नळी असूनही एक वाक्य तीन तुकड्यांत बोलायचे. त्यांच्या हातात फार तर आठवडा होता, आणि इतकी देखणी जोडी समोर असून नाही म्हणायचं! सर्जनबाईंचा जीव तुटत होता.

काचेच्या भिंतीपलीकडे बाकावर त्यांचे वडील बसले होते. आले होते गुडघा दाखवायला. लेक कामात अडकली म्हणून कोणीतरी त्यांना इथे आणून बसवलं. बसले कसले! नाक काचेला लावून उभेच होते. चाळीस वर्षं सायकलींचे पंक्चर काढलेला माणूस. हवा भरलेली वस्तू दिसली की त्यांचा पाय निघायचा नाही. दुकानात त्यांची एक खोड होती. निकामी ठरवलेली ट्यूब ते कधी फेकायचे नाहीत. गिऱ्हाइकाचं नाव लिहून महिनाभर खिळ्याला टांगून ठेवायचे. लेक लहानपणी चिडवायची, "बाबा, हे दुकान आहे की सापांचं घर?" ते नुसते हसायचे. पण आयुष्यात तीनदा त्यांनी खिळ्यावरची ट्यूब काढली होती, गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन दिली होती आणि सांगितलं होतं, "घ्या. माझंच चुकलं."

"काय झालं गं?" भिंतीतल्या स्पीकरमधून बाबांचा आवाज आला.

"गळतंय, बाबा."

"बुडबुडा कुठाय?"

"तेच तर! पाण्यात धरून दोनदा पाहिलं. दिसत नाही. पण काटा उतरतोय ना."

"बुडबुडा नाही तर भोक नाही. व्हॉल्व्हला थुंकी लावून बघितलीस का?"

तंत्रज्ञ बाई फिस्सकन हसल्या. सर्जनबाईंनाही हसू आलं आणि हसता हसताच त्या थांबल्या. मशीनची नळी फुप्फुसांच्या नळीला जिथे जोडलेली होती, तो सांधा पाण्याच्या वर राहायचा. तिथे कोणी कधी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांचे डोळे आपले फुप्फुसांवर!

थुंकी काही त्यांनी लावली नाही. साबणाचं पाणी मागवलं. ओलं बोट सांध्यावरून फिरवलं. आधी काहीच नाही. मग नळी जराशी वळवली आणि टम्मकन एक बुडबुडा वर आला.

आतला वॉशर एका बाजूने चेपलेला निघाला. नळी त्या अंगाला वळली की हवा सुटायची, दुसऱ्या अंगाला वळली की नाही. नवा वॉशर बसवला. हवा कोंडली. एक मिनिट गेलं, पाच गेली, दहा गेली. काटा जागचा हलेना.

"मास्तरांना ऑपरेशनला घ्या!" सर्जनबाई फोनवर जवळजवळ ओरडल्याच. तंत्रज्ञ बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आजोबा, उद्यापासून तुम्ही आमच्याकडे नोकरीला!"

बाबांची कळी खुलली. "दाखव बरं तो वॉशर."

सर्जनबाईंनी जुना वॉशर काचेला लावून धरला. बाबांनी एक डोळा मिटून तो निरखला. "हा काही आज बिघडलेला नाही. कधीचा आहे?"

"मशीन आलं तेव्हापासूनचाच," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या.

बाबांनी समजुतीने मान हलवली. "होतं असं. माझंही व्हायचं." मग त्यांची नजर फळ्याकडे गेली. ओठ हलवत त्यांनी आकडा वाचला आणि मोठ्या उत्सुकतेने खोलीभर पाहिलं.

"मग या एकोणीस कुठे टांगून ठेवल्यास गं?"