गेरूचा दगड

यात्रेतल्या शर्यतीत गाडा उधळला, बैल थेट बघ्यांच्या गर्दीत शिरले आणि जानकूचा पोरगा राघू चाकाखाली गेला.

"लोकांना मागं हटवा, दोर तरी बांधा," असं जानकू त्यानंतर पंचांना विनवत राहिला. "आरं, दोर बांधला तर लोक दोरावर बसत्याल," म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं. मग त्यानंच माळावरून कमरेएवढा दगड ओढत आणला आणि राघू जिथं पडला तिथं, गाडे पळायच्या घाटाच्या कडेला रोवला. लांबूनही दिसावा म्हणून मेंढरांवर खुणा करायचा गेरू त्याला फासला. या दगडापाशी कुणी फिरकू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

पुढची काही वर्षं त्याला यात्रेचं तोंड बघवलं नाही. यंदा मन घट्ट करून तो आला, तर सगळ्यात दाट गर्दी त्या दगडाभोवतीच. गेरूवर शेंदराचे थर चढले होते, पुढं नारळ फुटले होते. तेवढ्यात खाली गाडा सुटल्याची आरोळी उठली. जानकू गर्दीत घुसून दिसेल त्याला मागं ओढू लागला.

"सरा! मागं सरा! जीव जाईल!"

दगडाला टेकून, पोरीला खांद्यावर घेऊन उभा असलेला एक जण हसला. त्यानं जानकूचा हात धरून त्याला जवळ ओढलं.


"भिऊ नका पावणं, हिथंच उभं ऱ्हावा. ह्यो लई जागृत देव हाय, ह्याच्यापाशी आजवर कुणाचं वाईट झालं न्हाई."